पासपोर्ट कुणी हरवला

माझा पासपोर्ट एका परदेशी वकिलातीनं हरवला, हे वाक्य मी गेल्या वर्षात इतक्या जणांना सांगितलंय की आता ते मला स्वतःलाच थाप वाटायला लागलंय. ऐकणारा आधी माझ्याकडं बघतो, मग माझ्या पर्सकडं बघतो आणि मग मायेनं विचारतो, "घरात नीट शोधलात का?" त्याचंही बरोबर आहे. वकिलात म्हणजे कशी, दारात झेंडा, आत गारेगार एसी आणि साहेबाच्या शर्टाला सुरकुती नाही. तिथं काही हरवेल कसं? हरवतं ते साताऱ्याच्या बायकांच्या पर्समध्ये.

आणि हे मला ऐकवायचं, जिनं एका सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळलं. आलेल्या कागदाला नंबर, गेलेल्या कागदाला नंबर. निवृत्तीच्या समारंभात मी छाती पुढं काढून सांगितलं होतं की माझ्या टेबलावरून एक चिठोरासुद्धा कधी हरवला नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, शाल दिली, आणि शालीची पोच मी तिथल्या तिथं सही करून दिली.

परदेशाची मला काही हौस नव्हती. माझी थोरली बहीण, अक्का, चाळीस वर्षांपूर्वी लग्न करून तिकडं गेली ती तिकडचीच झाली. आम्ही दोघीच बहिणी. वाईला वाढलो, एका दप्तरात दोघींची पुस्तकं. मग ती विमानात बसली आणि मी एसटीत. नवरा गेल्यावर ती मुलीकडं राहायला आली, आणि गेल्या वर्षी त्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, फोन आला. अक्काला विसरण्याचा आजार झालाय म्हणाली. आता गॅस चालू ठेवते, रस्ता चुकते, पण माणसं ओळखते. डॉक्टरांनी सांगितलंय, अजून काही महिने ओळखेल, पुढचं सांगता येत नाही.

"मावशी, यायचं असेल तर तुला ओळखतेय तोवर ये," भाची म्हणाली.

यानंतर कोण थांबणार? मी दुसऱ्याच दिवशी कागद गोळा करायला बसले. भाचीनं मला एकटीनं येऊ नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून आमच्या ह्यांचाही अर्ज भरला. हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आता उंब्रजजवळच्या गावी ऊस, आणि उसातून वेळ मिळाला तर साताऱ्याला मी. त्यांना यायचं नव्हतंच. तिकडं जाऊन मी काय करू, तुमी दोघी वाईच्या गप्पा मारणार आन मी खिडकीतनं बरफ बघू काय, असं त्यांचं म्हणणं. तरी कुरकुरत पुण्याला आले, बोटांचे ठसे दिले, फोटोसाठी मिशी विंचरली.

अर्ज घेणारं केंद्र वेगळं आणि व्हिसा देणारी वकिलात वेगळी, ती दिल्लीला. दोघांचे पासपोर्ट वकिलातीत पोचल्याचा मेसेज आला. तीन आठवड्यांनी घरी लिफाफा आला. त्यात ह्यांचा पासपोर्ट, आत सुंदर व्हिसा. आणि माझ्या पासपोर्टाच्या जागी माझेच दोन जादा फोटो, टाचणी लावून, अगदी जपून परत केलेले. फोटो हरवू नयेत याची त्या लोकांनी किती काळजी घेतली होती.

हे बराच वेळ लिफाफ्यात डोकं घालून बघत राहिले. फौजेत ओळखपत्र हरवलं तर चौकशी बसते, लाल शाईची नोंद होते, त्यामुळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त धक्का बसला. मग माझी समजूत काढावी म्हणून म्हणाले, "मग मीच एकटा जाऊन अक्काला बघून येऊ व्हय?" पस्तीस वर्षांत ह्या माणसाचं अक्काशी बोलणं म्हणजे पाऊस झाला का आणि कारखाना सुरू झाला का. मी त्यांच्याकडं फक्त बघितलं. ते उठून गाडी पुसायला गेले.

केंद्रात फोन केला. त्यांनी हात वर केले. पासपोर्ट आम्ही वकिलातीत दिला, ही त्यांची सही, आमचा संबंध संपला. वकिलातीत फोन केला. तिथं एक यंत्रातली बाई इतक्या गोड आवाजात बोलते की तिला शिवी घालायचीही लाज वाटते. तिनं मला एक दाबायला लावलं, चार दाबायला लावलं, बासरी ऐकवली आणि फोन बंद केला. चौथ्या दिवशी ईमेल आला. शोध सुरू आहे, कृपया वाट पाहावी.

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं दिल्लीची गाडी पकडली असती. मी पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय, वरील विषयास अनुसरून. खाली प्रत माहितीसाठी परराष्ट्र मंत्रालय. पोचपावतीसह पोस्टानं पाठवलं, घरच्या वहीत जावक क्रमांक टाकला आणि पंधरा दिवस वाट बघत बसले. पंधरा दिवस का? तर स्मरणपत्र पंधरा दिवसांनी पाठवायचं असतं. आधी पाठवलं तर उतावळेपणा दिसतो. तीस वर्षं मी हेच केलं आणि हेच लोकांना शिकवलं. पंधरा दिवस झाले, स्मरणपत्र क्रमांक एक. आणखी पंधरा दिवस, स्मरणपत्र क्रमांक दोन. मंत्रालयाकडून उत्तर आलं की आपली तक्रार संबंधितांकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवली आहे. तो मजकूर वाचून मला माहेरचं पत्र आल्यासारखं वाटलं. असली पत्रं मी आयुष्यभर टाइप केली आहेत, आणि त्यांचा अर्थ काय होतो तो मला माहीत आहे.

रोज सकाळी आमच्या चहाच्या वेळेला भाची अक्काला फोनच्या पडद्यासमोर बसवायची. पहिल्या महिन्यात अक्का विचारायची, कधी येतेस गं? दुसऱ्या महिन्यात विचारायला लागली, कोण येणार आहे? तिनं तसं पहिल्यांदा विचारलं त्या दिवशी मी स्मरणपत्र क्रमांक दोनची पोचपावती फाइलला लावत होते. मला आता माझ्या ह्या व्यवस्थितपणाचा राग येतो.

शेवटी सांगलीला गेलो. थोरल्या दिरांचा मुलगा तिथं वकिली करतो. कोर्टाजवळ वरच्या मजल्यावर ऑफिस, भिंतभर जाड पुस्तकं. पोरगा हुशार आहे आणि काकीला घाबरतो, म्हणजे वकील म्हणून उत्तमच. त्यानं चहा मागवला आणि सांगितलं की कायद्यानं काकीपुढं बरेच मार्ग आहेत.

पहिला मार्ग, वकिलातीवर दावा. पण परदेशी सरकारला आपल्या कोर्टात खेचायचं तर आधी आपल्या केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते. ती मिळायला किती दिवस लागतात, विचारलं. त्यानं चहाचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं. दुसरा मार्ग, माहितीचा अधिकार. तो परदेशी वकिलातीला लागू नाही. तिसरा, अर्ज केंद्रावर ग्राहक आयोगात तक्रार, सेवेतली त्रुटी म्हणून. ती करता येईल, कदाचित जिंकूही, पण केंद्राकडं वकिलातीची पोच आहे आणि निकाल लागेपर्यंत माझ्या अक्काचं काय? चौथा मार्ग सगळ्यात सरळ. वकिलातीनं एक ओळ लिहून द्यायची की पासपोर्ट आमच्या ताब्यात असताना हरवला, ते पत्र जोडून नवीन पासपोर्ट काढायचा. एवढंच. पण वकिलात तसं लिहीत नव्हती, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे पासपोर्ट हरवलाच नव्हता, त्याचा शोध सुरू होता.

एवढे मार्ग असूनही माणूस जागचा हलत नाही, ही कायद्याची कमाल म्हणायची. हे म्हणाले, फौजेत एकच मार्ग असतोय, पर त्यानं माणूस पोचतोय. पुतण्यानं ते ऐकून घेतलं आणि आधी पोलिसांचा दाखला तरी आणा म्हणाला.

साताऱ्याला पोलिस ठाण्यात गेले. टेबलामागच्या हवालदारांनी माझी सगळी कहाणी शांतपणे ऐकली, वहीसुद्धा उघडली, आणि मग विचारलं की नक्की हरवला कुठं. दिल्लीला, मी म्हणाले. त्यांनी वही मिटली.

"मग आवं बाई, दिल्लीला जावा की. साताऱ्यात हरवला असता तर आत्ता दाखला दिला असता बघा."

पासपोर्टच्या ऑफिसात एक तरुण अधिकारी भेटला. तो खरंच सभ्य होता, म्हणून त्याचा जास्त राग आला. त्यानं आवाज खाली आणून समजावलं. वकिलातीनं हरवला म्हणाल तर त्यांचं पत्र पाहिजे, नाहीतर प्रकरण चौकशीला जाणार. तुमच्या हातून हरवला म्हणाल तर पोलिसांचा दाखला, एक प्रतिज्ञापत्र, आणि थोड्या दिवसांत नवा पासपोर्ट घरी. पुन्हा सांगलीला गेलो, तर पुतण्याच्या टायपिस्टानं तसं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवलं होतं, कारण त्याच्याकडं ते छापीलच असतं. मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की माझा पासपोर्ट माझ्या निष्काळजीपणामुळे माझ्या हातून गहाळ झाला आहे.

माझ्या निष्काळजीपणामुळे. मी तो कागद चार तुकडे करून टायपिस्टाच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, हरवला त्यांनी आणि माफी मागू मी? ह्यांनाही ते पटलं. खोट्या कागदावर सही करायची न्हाई, मरू दे तो व्हिसा, असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हातसुद्धा ठेवला. आम्ही दोघं ताठ मानेनं घरी आलो आणि मी स्मरणपत्र क्रमांक तीन लिहायला घेतलं.

लिहिताना कडेगावकडचा एक म्हातारा आठवला. काही कारण नव्हतं, उगाच आठवला. त्याच्या जमिनीच्या नोंदीची फाइल आमच्या कचेरीत सापडत नव्हती. सापडत नव्हती म्हणजे हरवली होती, पण कचेरीत हरवली असं म्हणत नाहीत, उपलब्ध नाही म्हणतात. मी त्याला सांगितलं होतं, आजोबा, तुमच्याकडची प्रत तुमच्या हातून हरवली असं प्रतिज्ञापत्र आणा, म्हणजे नवीन फाइल उघडता येईल. तो म्हणाला होता, "पर बाई, हरवलंय तर तुमच्याच कपाटात न्हवं?" मी म्हटलं होतं, नियम आहे. तो खाली गेला आणि सही करून आला. असे किती आले असतील, मी कधी मोजले नाहीत. माझ्या टेबलावरून एक चिठोराही हरवला नाही, कारण जे हरवलं ते सगळं त्या लोकांनी स्वतःच्या सहीनं हरवलं होतं. मला लाज वाटली. लाज वाटली आणि तरी मी स्मरणपत्र पुरं करून पाकिटात घातलं. माणूस एवढ्या लवकर सुधारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लागला. अक्का पडद्यावर आली, केस छान विंचरलेले, अंगात लोकरीचं काहीतरी. मी म्हटलं, अक्का, जेवलीस का? तिनं माझ्याकडं बघितलं, नीट बघितलं, आणि मग भाचीकडं वळून हळूच, पण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "ह्या बाई रोज का फोन करतात गं? त्यांना काही विकायचंय का?"

भाचीनं घाईनं फोन फिरवला. मी चहा तसाच ठेवून उठले. हे आंघोळीला गेले होते, त्यांना सांगितलंसुद्धा नाही. पुतण्याला फोन करून म्हटलं, ते प्रतिज्ञापत्र परत टाइप करून पाठव. तो म्हणाला, काकी, शपथेवर खोटं लिहिणं गुन्हा आहे, त्यामुळं एक वकील म्हणून मी हे ऐकलेलं नाही. बाकी मजकूर साताऱ्यातल्या कोर्टाबाहेर कुठल्याही टायपिंगवाल्याकडं मिळेल. मिळाला. कुठं हरवला, या रकान्यात मी सांगितलं, सातारा ते उंब्रज, एसटी बसमध्ये. निष्काळजीपणामुळे हा शब्द मी मुद्दाम परत वाचला आणि खाली सही केली. तीस वर्षांत इतकी झरझर सही मी केली नव्हती.

पोलिस ठाण्यात तेच हवालदार होते. एसटीत हरवला म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. दहा मिनिटांत दाखला, वर चहा, आणि चहाबरोबर उपदेश. पर्स पुढं धरायची, बाई, लय चोऱ्या होत्यात. मी म्हटलं, हो, माझं चुकलंच. एकदा कबुली दिली की जग किती प्रेमानं वागतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

नवा पासपोर्ट खरंच थोड्या दिवसांत आला. मग पुन्हा पुणे, पुन्हा अर्ज. त्या अर्जात एक प्रश्न होता. यापूर्वी आपला पासपोर्ट कधी हरवला आहे काय? असल्यास कुठे? ज्यांनी हरवला ते मला विचारत होते की कुठं हरवला. पेन हातात घेऊन मी पाच मिनिटं बसले. मग लिहिलं, एसटी बसमध्ये. खिडकीमागच्या मुलीनं ते वाचून मान हलवली आणि म्हणाली, आजी, ह्या वेळी नीट सांभाळा हं. मी म्हटलं, बाळ, मी तो आत्ता तुझ्याच हातात देतेय. तिला काही कळलं नाही.

व्हिसा आला. तोवर उसाची तोड लागली होती आणि ह्यांचा व्हिसा कपाटात पडल्या पडल्या संपला होता. ज्याला जायचं नव्हतं त्याला पहिल्या झटक्यात मिळालेला व्हिसा, त्यानं एक दिवससुद्धा वापरला नाही. शेवटी एकटी येऊ नको असं जिला सांगितलं होतं ती मी एकटीच गेले. पहिल्या फोनपासून जवळजवळ सात महिने झाले होते. त्यातले साडेतीन वकिलातीचे आणि बाकीचे, खरं सांगायचं तर, माझ्या ताठ मानेचे.

अक्कानं दार उघडलं नाही, भाचीनं उघडलं. अक्का सोफ्यावर बसली होती. मी जवळ जाऊन तिच्या गालाला हात लावला. ती आदबीनं मागं सरकली आणि तिनं भाचीला विचारलं, ह्या नवीन बाई का? तिच्याकडं दिवसा सांभाळायला बाई येत असे, तिच्या जागी मी आले असं तिला वाटलं. मी नऊ दिवस ती बाई होते. बाई, चहात साखर कमी. बाई, पडदा ओढा. तुमचं गाव कुठलं, तिनं एकदा विचारलं. वाई, मी म्हणाले. अरे वा, आमचंही तेच, ती म्हणाली आणि टीव्ही बघायला लागली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. चांगली ओळखत होती तेव्हा मी संदर्भ आणि विषय लिहीत बसले होते.

दहाव्या दिवशी ह्यांचा फोन आला. ते शेतातून बोलत होते, म्हणून मी फोनचा आवाज मोठा केला. दिल्लीहून लिफाफा आलाय म्हणाले. वकिलातीला माझा जुना पासपोर्ट सापडला होता, दुसऱ्या कुणाच्या फायलीत गेलेला. सोबत पत्र, तुमचा पासपोर्ट आमच्या ताब्यात असताना चुकून गहाळ झाला होता, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. जी एक ओळ मी तीन स्मरणपत्रांत मागत होते ती. आता तो पासपोर्ट रद्द झालेला, त्यात तेव्हाच लागलेला व्हिसा कवडीच्या उपयोगाचा नाही, पण कागदोपत्री मी निर्दोष होते. ह्यांना फार आनंद झाला होता. "बघ, लेखी दिलं का न्हाई त्यांनी? आता फ्रेम करून लावतो," म्हणाले. मी फोन ठेवला.

अक्का माझ्याकडं बघत होती. "काय सापडलं?" तिनं विचारलं.

"पासपोर्ट."

"कुणी हरवला होता?"

मी तोंड उघडलं. वकिलातीनं, असं म्हणायचंच होतं, आता तर लेखी होतं. पण अक्काच्या कपाळावर एक आठी पडली होती, लहानपणी माझ्यावर रागवताना पडायची तशी.

"तूच हरवला असशील," ती म्हणाली. "माझी छत्री घाटावर विसरून आलीस, ती कुठाय अजून? तुझ्या हातात काही टिकतं का?"

मी तिच्या पायाशी खाली बसले.

"हो अक्का," मी म्हटलं, "मीच हरवला."

"कुठं?"

"एसटीत."

"वाटलंच मला," अक्का म्हणाली, आणि आईनं ठेवलेल्या माझ्या घरातल्या नावानं मला हाक मारून, माझे केस मागं सारत, रागवत राहिली.